धावताना बसणारा धक्का आणि कृत्रिम पायाचे भाग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुडघ्याखालून किंवा गुडघ्यावरून पाय गमावल्यानंतर धावू लागलेल्या, किंवा धावावे असे मनात असलेल्या व्यक्तींना आणि त्यांच्या घरच्यांना जे प्रश्न पडतात, ते येथे घेतले आहेत. विच्छेदनानंतर उरलेल्या पायासाठी 'स्टम्प' हाच शब्द वापरला आहे, कारण दवाखान्यात आणि घरातही तोच ऐकू येतो.

१. धावताना पायावर किती धक्का बसतो?

चालताना जमीन पायाला शरीराच्या वजनाच्या साधारण १.१ ते १.२ पट जोराने उलट ढकलते. धावू लागताच हा जोर दोन ते तीन पटींवर जातो, कारण प्रत्येक पावलागणिक शरीर क्षणभर हवेत असते आणि खाली येणारे सगळे वजन एकाच पायाला थोपवावे लागते. ७० किलो वजनाची व्यक्ती मध्यम वेगाने धावत असेल, तर प्रत्येक पावलाला दीडशे ते दोनशे किलो वजनाइतका भार जेमतेम पाव सेकंदात पायावरून येऊन जातो. शंभर मीटर धावणाऱ्याचे पाऊल तर सुमारे ०.१ सेकंदच जमिनीवर टिकते.

केवळ सर्वांत मोठा आकडा पाहून मात्र भागत नाही. टाच आधी टेकवून धावणाऱ्याच्या भाराचा आलेख काढला, तर पहिल्या ५० मिलिसेकंदांच्या आत एक लहान, टोकदार सुळका दिसतो आणि त्यानंतर एक मोठा, गोलसर उंचवटा. स्टम्पच्या टोकाला खाडकन बसणारा दणका बहुतेक वेळा त्या सुळक्याचा असतो, उंचवट्याचा नव्हे. म्हणून भार किती आला याइतकेच तो किती झपाट्याने चढला, हे पाहावे लागते. पुढची बहुतेक उत्तरे या एकाच गोष्टीभोवती फिरतात.

२. शाबूत पाय हा धक्का कसा सोसतो? विच्छेदनानंतर त्यातले काय जाते?

टाचेखालची चरबीची गादी, पायाची कमान, घोटा, पोटरीचे स्नायू आणि त्यांना टाचेशी जोडणारा जाड स्नायुबंध, गुडघा आणि शेवटी नितंबाचा सांधा, अशी ही उतरंड आहे. प्रत्येक टप्प्यावर थोडे वाकणे आणि थोडे ताणले जाणे होते, त्यामुळे भार वर पोहोचेपर्यंत पसरतो. गुडघ्याखाली विच्छेदन झाले की घोटा, पोटरी आणि टाचेची गादी जाते, पण गुडघा हाताशी राहतो, आणि धक्का सोसण्याच्या दृष्टीने ही फार मोठी जमेची बाजू आहे. गुडघ्यावर विच्छेदन झाले तर तोही जातो आणि सगळी भिस्त नितंबावर, कमरेवर आणि बसवलेल्या सुट्या भागांवर येते.

हरवलेली आणखी एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवत नाही. शाबूत पाय जमिनीचा अंदाज आधीच घेतो. कठीण फरशीवर धावताना तो आपोआप थोडा मऊ होतो, मऊ मातीवर थोडा ताठ होतो, आणि हे सगळे पाऊल टेकण्याआधी, आपल्याला कळायच्या आत घडते. ब्लेडचा, म्हणजे धावण्यासाठी बनवलेल्या वक्र कृत्रिम तळव्याचा, ताठरपणा कारखान्यात ठरतो आणि तसाच राहतो. जुळवून घेण्याचे काम मग उरलेल्या स्नायूंना करावे लागते. ते शिकायला काही महिने जातात आणि त्यात कोणाची चूक नसते.

३. 'धक्का शोषणे' आणि 'ऊर्जा परत देणे' ही एकच गोष्ट आहे का?

नाही. जाहिरातींमध्ये हे दोन शब्दप्रयोग जोडीने येतात, म्हणून गोंधळ होतो. स्कूटरचा शॉकॲब्सॉर्बर डोळ्यांसमोर आणावा. त्यात स्प्रिंग असते आणि तेल असते. खड्ड्यात चाक गेले की स्प्रिंग दबते आणि धक्का लांबवते, तर तेल त्या हालचालीतली ऊर्जा उष्णतेत घालवते. तेल गळून गेले तरी गाडी चालते, पण प्रत्येक खड्ड्यानंतर ती डुलत राहते. कार्बन फायबरचे धावण्याचे ब्लेड म्हणजे जवळजवळ तेलाविना स्प्रिंग आहे. त्यात साठलेल्या ऊर्जेपैकी वाया जाणारा भाग १० टक्क्यांहूनही कमी असतो, बाकीची ऊर्जा पाऊल उचलताना परत मिळते.

म्हणजे काटेकोरपणे बोलायचे तर ब्लेड धक्का 'शोषत' नाही. ते भार हळू चढू देते, आणि स्टम्पला जाणवणारा फरक त्यामुळेच पडतो. ऊर्जा खरोखर जिरवण्याचे काम लायनरमधील (स्टम्पवर चढवायच्या मऊ आवरणातील) जेल, स्टम्पचे स्नायू व कातडी, शाबूत गुडघा आणि गुडघ्यावरील विच्छेदनात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या रोधावर चालणारा, गुडघा अशा भागांकडे असते. जिरवणाऱ्या गोष्टी वाढवल्या की पाय आरामशीर वाटतो, पण प्रत्येक पाऊल पुढे ढकलण्यासाठी स्वतःची ताकद अधिक लागते. एक किलोमीटर जॉगिंग करणाऱ्याला ही अदलाबदल मान्य असू शकते. अर्ध्या मॅरेथॉनची तयारी करणाऱ्याला ती बहुधा परवडणार नाही.

४. रोजच्या चालण्याच्या पायावर धावले तर चालेल का?

रस्ता ओलांडण्यासाठी चार पावले पळणे वेगळे आणि नियमित धावणे वेगळे. पहिल्याला कोणाची हरकत नाही. दुसऱ्यासाठी पायाचा तळवा कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहावे लागते.

सर्वांत साधा तळवा म्हणजे सॅच फूट, जो १९५० च्या दशकात अमेरिकेत बर्कले येथे विकसित झाला. त्यात घोटा ताठ असतो आणि टाचेत मऊ फोमची पाचर असते. चालताना ती पाचर दबते आणि टाच टेकण्याचा धक्का बऱ्यापैकी सोसते. धावताना भार दुपटीने वाढतो, पाचर पूर्ण दबून जाते आणि त्यापुढे भार थेट नळीतून वर चढतो. दबलेली पाचर परतही फारसे काही देत नाही.

जयपूर फूटची गोष्ट थोडी निराळी आहे. १९६८ च्या सुमारास जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो घडवला, तेव्हा अनवाणी चालणे, उकिडवे बसणे, मांडी घालणे आणि चिखलात उतरणे या गरजा डोळ्यांसमोर होत्या. आतले स्पंज रबराचे ठोकळे आणि बाहेरचे व्हल्कनाइझ केलेले रबर यांमुळे तो अनेक दिशांना वाकतो आणि खडबडीत जमिनीवर धक्का चांगला सोसतो. सुधा चंद्रन त्याच पायावर भरतनाट्यम करत, आणि त्या नृत्यातली पदाघातांची संख्या पाहिली तर या पायाच्या चिवटपणाबद्दल शंका उरू नये. तरीही नर्तिका पाऊल स्वतःच्या ताब्यात ठेवून आपटते, तर धावणारा हवेतून खाली येतो. रबर भार पसरवते पण ऊर्जा गिळते, म्हणून जयपूर फूटवर लांबवर धावणाऱ्याची शाबूत बाजू फार लवकर दमते. ही त्या पायावरची टीका समजू नये. तो ज्या कामासाठी घडवला, त्या कामात तो आजही उत्तम आहे.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात गुडघ्याखाली विच्छेदन झालेल्या धावकांचे वेगवेगळे तळवे मोजले गेले. शोषलेल्या ऊर्जेपैकी सॅच फूटने ३१ टक्के, सिॲटल फूटने ५२ टक्के आणि कार्बन फायबरच्या फ्लेक्स फूटने ८४ टक्के ऊर्जा परत दिली. शाबूत घोट्याचा आकडा होता २४१ टक्के. शंभराहून अधिक हा आकडा छापण्यातली चूक नव्हे, कारण पोटरी नुसती स्प्रिंग नाही, ती इंजिनही आहे. कोणताही साधा तळवा स्वतःहून ऊर्जा घालत नाही.

५. ब्लेडला टाच नसते. मग टाच टेकण्याचा धक्का कुठे जातो?

तो मुळात निर्माणच होत नाही, किंवा फार कमी होतो. ब्लेडवर धावणारा पुढच्या वक्र भागावर उतरतो, त्यामुळे पहिल्या प्रश्नात सांगितलेला टोकदार सुळका बोथट होतो आणि भार एकसंध चढत जातो. एका बाजूला ब्लेड असलेल्या धावकांमध्ये भार चढण्याचा वेग ब्लेडच्या बाजूपेक्षा शाबूत पायाच्या बाजूला जास्त आढळतो, ही गोष्ट अनेकांना अनपेक्षित वाटते.

ही कल्पना व्हॅन फिलिप्स या अमेरिकन तरुणाची. १९७६ साली वॉटर स्कीइंगच्या अपघातात त्यांचा पाय गुडघ्याखाली गेला, मिळालेल्या पायावर त्यांचे समाधान होईना, आणि १९८४ साली त्यांनी फ्लेक्स फूट नावाची कंपनी काढली. पुढे २००० मध्ये आइसलँडच्या ओसुर कंपनीने ती विकत घेतली. आज ट्रॅकवर दिसणारी बहुतेक ब्लेड त्याच विचारातून आलेली आहेत.

टाच नसल्याची किंमतही आहे. ब्लेडवर स्वस्थ उभे राहता येत नाही, उतारावर वेग आवरणे कठीण जाते, आणि थांबण्याचा सगळा भार पुन्हा शाबूत पायावर येतो.

६. ब्लेड जितके मऊ तितका धक्का कमी, असे समजावे का?

एका मर्यादेपर्यंत. उदाहरणादाखल हिशेब करू. एखाद्या ब्लेडला एक मिलिमीटर दबण्यासाठी २५ न्यूटन जोर लागतो असे समजा. ७० किलोच्या व्यक्तीचा धावतानाचा भार अडीच पट, म्हणजे सुमारे १,७५० न्यूटन धरला, तर ते ७० मिलिमीटर दबेल. त्याऐवजी मिलिमीटरला ३५ न्यूटन लागणारे ब्लेड घेतले तर ते ५० मिलिमीटरच दबेल. दबण्याचे अंतर जास्त, म्हणून थांबायला वेळ जास्त, म्हणून भार चढण्याचा वेग कमी. इथपर्यंत मऊ ब्लेडच्या बाजूने सगळे ठीक आहे.

अडचण पुढे येते. ब्लेड फार मऊ असेल तर प्रत्येक पावलाला खड्ड्यात पाय गेल्यासारखे वाटते, त्या बाजूचा नितंब खाली जातो आणि कंबर लचकते. वेग वाढला, उतार आला किंवा पाठीवर पिशवी आली की ब्लेड आपल्या हालचालीच्या टोकाला पोहोचते. तेथून पुढे त्याला वाकायला जागाच उरत नाही आणि भार एकदम, भिंतीवर आदळल्यासारखा चढतो. मऊपणामुळे जे वाचवले, ते त्या एका पावलात व्याजासकट वसूल होते. उलट ब्लेड फार ताठ असेल तर ते नीट दबतच नाही आणि सॉकेटमध्ये, म्हणजे स्टम्प ज्या कवचात बसतो त्यात, प्रत्येक पाऊल कठीण लागते.

म्हणूनच उत्पादक ब्लेडच्या श्रेणी वजन आणि धावण्याचा प्रकार पाहून ठरवतात. वजन सांगताना लाजून दोन किलो कमी सांगण्याची सवय असेल, तर ती येथे सोडावी. दिवाळीनंतर वाढलेले किंवा सरावाने उतरलेले पाच-सात किलोही श्रेणी बदलण्यास पुरेसे ठरू शकतात.

ताठरपणावर फार काथ्याकूट करण्याआधी एक निष्कर्ष ध्यानात ठेवावा. एका पायाचे गुडघ्याखाली विच्छेदन झालेल्या धावपटूंवरील २०१७ च्या एका अभ्यासात, धावण्यासाठी खर्च होणाऱ्या ऊर्जेवर ब्लेडच्या ताठरपणाचा किंवा उंचीचा नव्हे, तर ब्लेडच्या मॉडेलचा परिणाम दिसला. आमच्या मते याचा व्यवहारातला अर्थ असा की शिफारस केलेल्या श्रेणीच्या आसपास राहावे, आणि उरलेला वेळ सॉकेट व अलाइनमेंटवर, म्हणजे भाग एकमेकांना कोणत्या जागी आणि कोनात जोडले आहेत यावर, घालवावा.

७. ब्लेडच्या आकाराने धक्क्यात फरक पडतो का?

पडतो. काही ब्लेड सॉकेटच्या मागच्या बाजूला जोडून खाली लांब उतरतात व शेवटी पुढे वळतात, तर काही सॉकेटच्या खाली जोडली जातात आणि अर्धगोल कमानीसारखी दिसतात. पहिला प्रकार मुख्यतः स्प्रिंटसाठी वापरला जातो, दुसरा लांब अंतरासाठी आणि जॉगिंगसाठी अधिक दिसतो. निवडीचा प्रश्न बहुतेकदा जागेवरच सुटतो, कारण लांब स्टम्प असलेल्या व्यक्तीच्या सॉकेटखाली पूर्ण कमान मावतेच असे नाही.

८. नळीत स्प्रिंग असलेला पायलॉन बसवला तर धक्का कमी होईल का?

सॉकेट आणि तळवा यांना जोडणाऱ्या नळीला पायलॉन म्हणतात. त्यात स्प्रिंग किंवा हवेचा दाब वापरून नळी आत सरकेल अशी सोय केलेले पायलॉन मिळतात, आणि काहींमध्ये थोडे गोल फिरण्याचीही सोय असते. चालण्यावर झालेल्या अभ्यासांत असे पायलॉन भाराचा पहिला सुळका कमी करतात असे दिसले, आणि तो परिणाम भरभर चालताना अधिक स्पष्ट होता. त्यामुळे ताठ घोट्याच्या तळव्यावर चालणाऱ्या, जिने चढणाऱ्या, मधूनच पळणाऱ्या माणसाला त्याचा उपयोग होतो.

धावण्याच्या ब्लेडवर मात्र तो बसवण्यात फारसा अर्थ नाही. एकाखाली एक दोन स्प्रिंगा ठेवल्या की त्यांचे दबणे बेरजेने वाढते. ब्लेड आधीच पाच-सात सेंटिमीटर दबत असते, त्यात पायलॉनच्या काही मिलिमीटरांची भर पडते, आणि बदल्यात वजन, सरकणारे सांधे व डगमग पदरात येते.

९. ब्लेड चांगले असूनही स्टम्प दुखतो. असे का?

कारण जमिनीपासून हाडापर्यंतच्या साखळीतली शेवटची कडी ब्लेड नाही, सॉकेट आहे. आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींमध्ये 'ब्लेड कडक आहे' असे सांगितले जाते, आणि तपासल्यावर दोष बहुधा सॉकेटमध्ये सापडतो. म्हणून हे उत्तर थोडे लांब आहे.

स्टम्पचा पृष्ठभाग भार घेण्यासाठी बनलेला नाही. तळपायाची कातडी जाड आणि घट्ट बांधणीची असते, नडगीवरची पातळ असते. सॉकेटने तो भार जास्तीत जास्त क्षेत्रावर वाटून द्यायचा असतो. डोक्यावर घागर घेताना खाली चुंबळ ठेवतात, ती घागरीचे वजन कमी करत नाही, पण ते टाळूच्या एका बिंदूवर येऊ देत नाही. लायनरचे काम बरेचसे तसेच आहे. पूर्वी गुडघ्याच्या वाटीखालच्या स्नायुबंधावर मुख्य भार टाकणारी सॉकेट सर्रास बनत. आता जेलचा लायनर वापरून संपूर्ण पृष्ठभागावर भार वाटणारी सॉकेट अधिक बनतात, आणि धावण्यासाठी तीच बरी.

लायनरच्या साहित्याने फरक पडतो. सिलिकॉन टिकाऊ असते आणि आकार धरून ठेवते. पॉलियुरेथेन भाराखाली किंचित वाहते आणि हाडाच्या उंचवट्यांभोवती दाब चांगला वाटून देते. खनिज तेल असलेले मऊ कोपॉलिमर जेल सर्वांत आरामशीर वाटते, पण लवकर झिजते. येथे एक सापळा आहे. धक्का कमी व्हावा म्हणून सर्वांत जाड, सर्वांत मऊ लायनर घ्यावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण जाड मऊ थरामुळे हाड आणि सॉकेट यांच्यातली सैल हालचाल वाढते, ताबा सुटतो, आणि धक्क्याच्या जागी घर्षण येते. घाम त्यात भर घालतो. मे महिन्यात सकाळी सात वाजताही लायनरमध्ये पाणी साचते, हे महाराष्ट्रात धावणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्ये स्टम्पचे वर-खाली होणे. पाय हवेत असताना सॉकेट थोडे खाली सरकले आणि पाऊल टेकताच स्टम्प पुन्हा खाली आदळला, तर धक्का दोनदा बसतो, एकदा जमिनीचा आणि एकदा सॉकेटच्या तळाचा. दुसरा धक्का कोणतेही ब्लेड थांबवू शकत नाही. म्हणून धावताना पिनच्या लॉकपेक्षा सक्शन किंवा व्हॅक्यूम पद्धतीची पकड अनेकांना बरी वाटते. पिन फक्त टोकाला धरते आणि स्टम्पचे टोक खेचते, तर व्हॅक्यूम सर्व बाजूंनी धरतो. धावल्यानंतर स्टम्प आकसतो, तेव्हा मध्येच थांबून एखादा पातळ मोजा चढवणे हा स्वस्तातला आणि बहुधा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

१०. गुडघ्यावर विच्छेदन झालेल्यांना धक्का जास्त का बसतो?

शाबूत गुडघा पाऊल टेकल्यावर वाकतो आणि मांडीचे स्नायू त्याला आवरत वाकू देतात. कृत्रिम गुडघ्याने धावणारा बहुतेक वेळा गुडघा पूर्ण सरळ ठेवूनच उतरतो, कारण तो जराही वाकलेला असला तर भाराखाली कोसळण्याची भीती असते. त्यामुळे पाय एका सरळ खांबासारखा उभा राहतो, ब्लेड हीच एक स्प्रिंग उरते, आणि बाकीचे नितंबाला आणि कमरेच्या मणक्यांना सोसावे लागते.

धावण्यासाठी बनवलेल्या हायड्रॉलिक गुडघ्यांचे मुख्य काम पाय हवेत असतानाचे आहे. नडगी मागे किती उसळावी आणि पुढे किती वेगाने यावी, हे ते ठरवतात. पुढे येणारी नडगी पूर्ण सरळ होताना अडसरावर आपटते, आणि तो दणका जमिनीला पाय लागण्याआधीच स्टम्पला बसतो. 'पाय टेकण्याआधीच हिसका बसतो' अशी तक्रार असेल, तर ब्लेडकडे न पाहता गुडघ्याच्या सरळ होण्याच्या बाजूचा हायड्रॉलिक रोध तपासून घ्यावा.

हे सुटे भाग नव्हते तेव्हा काय करावे लागे, याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण कॅनडाच्या टेरी फॉक्सचे आहे. उजवा पाय गुडघ्यावरून गेलेला हा तरुण १९८० साली साध्या चालण्याच्या कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावला. त्याच्या धावण्यात शाबूत पायावर दोनदा आणि कृत्रिम पायावर एकदा, अशी लय होती. कृत्रिम नडगी पुढे येऊन सरळ होईपर्यंत थांबणे भाग होते, आणि तो वेळ शाबूत पायाची जादा उडी भरून काढत असे. म्हणजे गुडघ्यातल्या उणिवेचा धक्का हिशेबाने शाबूत पायाच्या खात्यात जमा होत होता.

११. माझ्या शाबूत पायाचा गुडघा दुखतो. कृत्रिम पायाचा याच्याशी संबंध आहे का?

असू शकतो. धावपटूंवरील २०१० मधल्या एका अभ्यासात ब्लेडच्या बाजूने जमिनीवर दिला जाणारा उभा जोर शाबूत बाजूपेक्षा सुमारे ९ टक्के कमी आढळला. म्हणजे दोन्ही बाजू समान काम करत नाहीत. एका पायाचे विच्छेदन झालेल्यांमध्ये शाबूत गुडघ्याची झीज अधिक आढळते, ही गोष्ट धावण्याचा विचार न करताही माहीत आहे. ब्लेडच्या बाजूची उंची चुकली असेल, ब्लेड फार मऊ असेल किंवा सॉकेट दुखत असल्यामुळे त्या बाजूने पाऊल लवकर उचलले जात असेल, तर शाबूत पाय जास्त वेगाने आणि जास्त सरळ उतरतो. त्या पायाच्या बुटात गादी वाढवल्याने थोडा आराम मिळतो, मूळ कारण मात्र समोरच्या बाजूला शोधावे लागते.

१२. अलाइनमेंट आणि उंची यांचा धक्क्याशी काय संबंध?

ब्लेड वाकण्यासाठी भाराची रेषा योग्य जागेतून जावी लागते. ती ब्लेडच्या फार जवळून गेली तर ब्लेड वाकण्याऐवजी काठीसारखे उभे राहते आणि तेच ब्लेड दोन श्रेणी ताठ असल्यासारखे वाटते. फार पुढून गेली तर ते जास्त वाकते आणि गुडघ्याला मागे ढकलते. उभे असताना ब्लेडची बाजू मुद्दाम काही सेंटिमीटर उंच ठेवली जाते, कारण धावताना ती दबून दोन्ही पाय सारखे व्हायचे असतात. आरशासमोर उभे राहून 'एक पाय लांब झाला' अशी काळजी करू नये. जागेवर उभे राहून केलेली मापे पुरेशी नाहीत, धावतानाचा व्हिडिओ बाजूने आणि मागून घेऊन पाहणे आवश्यक आहे.

मोजमाप आणि बदल हे काम प्रशिक्षित प्रोस्थेटिस्टचे, म्हणजे कृत्रिम अवयव बसवणाऱ्या तज्ज्ञाचे, आहे. पुण्यात १९४४ पासून कार्यरत असलेले लष्कराचे आर्टिफिशियल लिंब सेंटर आणि मुंबईत हाजीअलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था ही महाराष्ट्रातली या क्षेत्रातली जुनी ठिकाणे आहेत. बोल्ट स्वतः फिरवून पाहू नयेत.

१३. ब्लेडमुळे धावपटूला गैरफायदा मिळतो, असे म्हणतात. ते खरे आहे का?

या वादाचा आपल्या विषयाशी संबंध तेवढ्यापुरता आहे. जानेवारी २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स महासंघाने दक्षिण आफ्रिकेच्या ऑस्कर पिस्टोरियसला शाबूत पायांच्या स्पर्धांतून वगळले, तेव्हा ब्लेडमध्ये ऊर्जा फार कमी वाया जाते हा मुद्दा पुढे आला होता. त्याच वर्षी मे महिन्यात क्रीडा लवादाने ती बंदी उठवली आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटरच्या उपांत्य फेरीपर्यंत धावला. ऊर्जा कमी वाया जाते हे खरे आहे, आणि ब्लेड स्वतःहून ऊर्जा घालत नाही हेही तितकेच खरे आहे.

१४. हाडात थेट बसवलेल्या रोपणावर धावता येते का?

सॉकेटऐवजी मांडीच्या हाडात धातूचे रोपण बसवण्याची पद्धत स्वीडनमध्ये १९९० साली प्रथम वापरली गेली. तिच्यात सॉकेटचा त्रास जातो, पण त्याबरोबर लायनर आणि मऊ ऊतींची गादीही जाते, आणि धक्का थेट हाडाला पोहोचतो. रोपण सैल होणे किंवा हाड मोडणे यांचा धोका असल्यामुळे अशा व्यक्तींना धावणे आणि उड्या मारणे सहसा टाळायला सांगतात. येथे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचा शब्द अंतिम मानावा.

१५. मातीचे मैदान, डांबरी रस्ता, सिंथेटिक ट्रॅक यांपैकी काय निवडावे?

ब्लेडच्या दृष्टीने फरक वाटतो तेवढा नाही. ब्लेड कित्येक सेंटिमीटर दबते, डांबर आणि ट्रॅक यांतला फरक मिलिमीटरांचा असतो. तो फरक शाबूत पायाला जाणवतो. ब्लेडला त्याहून महत्त्वाची आहे ती पकड आणि सपाटी. घोटा बाजूला झुकू शकतो, ब्लेड फारसे झुकत नाही, म्हणून वर-खाली झालेल्या पेव्हर ब्लॉकच्या फुटपाथवर धक्का उभा न बसता तिरका बसतो आणि सॉकेटच्या एका कडेला टोचतो. पुढचा भाग दुभंगलेली ब्लेड हा त्रास काही अंशी कमी करतात. पावसाळ्यात शेवाळलेली फरशी आणि ओले झेब्रा पट्टे टाळावेत. ब्लेडखालचा रबरी तळवा गुळगुळीत झाला की तो बदलावा.

१६. मुलांसाठी ब्लेड घेताना काय वेगळे पाहावे?

वजन. मूल वाढते, ब्लेड वाढत नाही. वर्षभरापूर्वी नेमके बसलेले ब्लेड आज मऊ पडलेले असते, आणि मूल तक्रार न करता धावण्याची पद्धत बदलते. दर तीन-चार महिन्यांनी वजन, उंची आणि सॉकेटची बसणूक तपासून घ्यावी.

१७. ब्लेड निकामी होऊ लागले आहे, हे कसे ओळखावे?

कार्बन फायबर धातूसारखे वाकून इशारा देत नाही. त्याचे थर सुटू लागतात. वक्राच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूला पांढरट रेषा, बोटाला लागणारी कूस, रंगाचा फुगवटा, बोल्टच्या भोकाभोवती बारीक चीर, ही चिन्हे ओल्या फडक्याने पुसून उजेडात पाहावीत. धावताना पूर्वी नसलेला 'कट' असा आवाज येऊ लागला, किंवा तेच अंतर तेवढ्याच वेगाने धावताना ब्लेड अचानक मऊ वाटू लागले, तर त्या दिवसाचे धावणे तेथेच थांबवावे, चालण्याचा पाय बसवून घरी यावे आणि ब्लेड प्रोस्थेटिस्टला दाखवावे. बोल्ट सैल झाले असतील तर तेही तसाच आवाज करतात, पण कोणते कारण आहे हे रस्त्यावर उभे राहून ठरवता येत नाही.